मिथेन सोडतो, हेक्झेन वाचतो

मन्मथ,

ही गोष्ट सांगायची मी कितीतरी वर्षं टाळली. वेळ मिळाला नाही असं म्हणणं खोटं होईल. तुझ्या आणि माझ्या घरची मिळून जेवढी लग्नं, बारशी, वास्तुशांती झाल्या, त्या प्रत्येक ठिकाणी आपण पंगतीत शेजारी बसून जेवलो. वेळ भरपूर होता. मीच दर वेळी ताट संपवून हात धुवायला उठत गेलो.

तुला माती देऊन आम्ही नांदेडला परत आलो आणि थोड्या दिवसांनी तुझ्या दीपाचा फोन आला.

"मामा, बाबांच्या महिन्याच्या दिवसाला एक छोटी पुस्तिका छापायलोत. तुम्ही दोन पानं लिहून द्या."

"मी काय लिहू बाई?"

"तो नाकाचा किस्सा लिहा की. बाबा सांगायचे तसा. लोकांना जरा हसू येऊ द्या, सगळं रडगाणंच नको."

मी हाव म्हणालो. तुझी बहीण, म्हणजे आमची ही, तिकडं पोळ्या लाटत होती, तिनं विचारलं, काय म्हणते पोर? मी सांगितलं. ती म्हणाली, "लिहा, लिहा. तो किस्सा तुमच्याइतका कुणाला ठाऊक?" खरंच आहे. माझ्याइतका तो कुणालाच ठाऊक नाही. तुलाही नव्हता.

तू सांगायचास तसा किस्सा मला तोंडपाठ आहे. पंगत उठली, पानसुपारी झाली की कुणीतरी म्हणायचं, मन्मथराव, ते नाकाचं होऊन जाऊ द्या. मग तू माझ्याकडं हात करून सुरू करायचास. "हे आमचे दाजी. लई मोठे इंजिनेर. ह्यांची मशीन म्हणती, गॅस आठ. माझं नाक म्हणतंय, ऐंशी. मी म्हणलं, मशीन खोटी. केला कारखाना बंद. मालक आला, मॅनेजर आला, सगळ्यांदेखत मशीन तपासली. मशीन निघाली खरी, अन् मी निघालो वजनकाट्यावर." एवढं म्हणून तू दोन बोटांत स्वतःचं नाक धरायचास. लोक हसायचे. सगळ्यात आधी मी हसायचो, कारण मी नाही हसलो तर कुणीतरी माझ्या तोंडाकडं पाहील अशी मला भीती असायची.

आता हा किस्सा छापून येणार, आणि छापलेलं राहतं. दीपाची पोरं उद्या वाचतील की आमचे आजोबा मोठे गमतीदार होते, उगाच वास आला म्हणून कारखाना बंद पाडला होता. ते मला सहन होईना. म्हणून किस्सा सोडून हे लिहितो आहे. दीपा, तुला हे छापायचं नसेल तर छापू नकोस, पण वाच.

कारखाना लातूरच्या एमआयडीसीत होता, सोयाबीनचं तेल काढणारा. घाण्यात दाबून सगळं तेल निघत नाही. म्हणून सोयाबीनचे पोहे करून त्यांच्यावर हेक्झेन नावाचं द्रव सोडतात. ते तेल ओढून घेतं, मग तापवून हेक्झेन वेगळं काढायचं आणि पुन्हा वापरायचं. हेक्झेन म्हणजे पेट्रोलचा चुलतभाऊ. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरपटत जाते, खड्ड्यात साठते आणि ठिणगीची वाट बघत बसते. म्हणून कारखान्यात जागोजागी गॅस ओळखणारे डिटेक्टर. ते माझ्या खात्यात. मी नांदेडला डिप्लोमा केलेला, उपकरणांचा माणूस. तू उदगीरचा बीएस्सी, केमिस्ट्रीवाला, आणि माझा मेहुणा. मीच मालकाशी बोलून तुला लावलं. पुढं तू शिफ्टचा इनचार्ज झालास तो मात्र स्वतःच्या कामावर.

तुझं नाक आधीपासूनच प्रसिद्ध होतं. तुझ्या वडिलांची उदगीरच्या मोंढ्यात आडत. लहानपणी तू पोत्यात तोंड घालून सांगायचास, ही तूर भिजून वाळवलेली हाय, ही करडी जुनी हाय. मी तुमच्या घरचा नवा जावई म्हणून पहिल्यांदा आलो तेव्हा तू जवळ येऊन वास घेतलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "दाजी बिडी वढतेत." तुझी बहीण तीन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. त्या नाकाशी माझं भांडण तेव्हापासूनचं.

कारखान्यात ते भांडण रोज चहावर चालायचं. मी म्हणायचो, नाक सवयीला लागतं. वासात तासभर बसलं की नाक मरतं. सेन्सरला सवय लागत नाही.

तू म्हणायचास, "सेन्सर विकत आणलेला हाय दाजी. नाक मायनं दिलेलं हाय."

"मग मायनं दिलेल्या नाकाला कॅलिब्रेशन कोण करणार?"

"त्याला लागतंच न्हाई. तुमची मशीन वर्सातून दोनदा खोटं बोलती म्हणून तर तिला दोनदा सुदरावं लागतंय."

मी तुला गप्प करायचो ते शेवटी आकड्यानं. आकडा दाखवला की तू हात वर करून उठायचास, पण हरल्यासारखा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला वाटतं त्या भांडणात आपण दोघंही फार सुखी होतो.

आणि कॅलिब्रेशन आपण दोघं मिळून करायचो. वाचणाऱ्यांसाठी सांगतो. डिटेक्टर बरोबर वाचतो का, हे बघायला त्याला ठाऊक असलेला गॅस द्यावा लागतो. आधी स्वच्छ हवा दाखवून शून्य लावायचं, मग छोट्या सिलिंडरमधून मोजका गॅस सोडून वरचा आकडा जुळवायचा. हेक्झेनचं सिलिंडर मागवलं तर यायला महिने लागायचे, आलं तर मुदत संपत आलेली. मिथेनचं सहज मिळायचं. म्हणून मिथेननं जुळवायचं, पण यंत्राला सांगायचं की तुला उद्या ओळखायचं आहे ते हेक्झेन. दोघांचा हिशेब वेगळा. डिटेक्टरच्या आत गॅस लागला की तापणारा एक मणी असतो, तेवढ्याच धोक्याला तो मिथेननं जास्त तापतो, हेक्झेननं कमी. त्यामुळं मिथेनच्या मापानं हेक्झेन वाचलं तर आकडा निम्म्याहून खाली दिसतो.

जुन्या पॅनलला लॅपटॉप नव्हता. तू खाली डिटेक्टरशी सिलिंडर घेऊन, मी वर खोलीत पॅनलपाशी पेचकस घेऊन. आपली एक पद्धत पडली होती, कुणी शिकवलेली नव्हती. झडप उघडायच्या आधी तू खालून ओरडायचास, "मिथेन सोडतो." आणि मी वरून ओरडायचो, "हेक्झेन वाचतो." मगच तू झडप उघडायचास. मी उत्तर दिलं नाही तर तू उघडायचा नाहीस, उन्हात तसाच उभा राहायचास. कारखान्यातली माणसं आपली नक्कल करायची. कँटीनमध्ये कुणी म्हणायचं, चहा सोडतो, दुसरा म्हणायचा, दूध वाचतो. पण त्या दोन वाक्यांत सगळी सुरक्षा होती. कोणता गॅस देतोय आणि कोणता वाचायचा आहे, हे दर वेळी दोन तोंडांतून निघायचं.

मग नवीन पॅनल आलं. लॅपटॉप आला, त्याच्यात सॉफ्टवेअर. केबल जोडली की सगळे डिटेक्टर पडद्यावर एकाखाली एक. प्रत्येकाचं नाव, कोणत्या आकड्याला पहिला भोंगा, कोणत्या आकड्याला कारखाना आपोआप बंद, सगळं तिथंच भरायचं. पेचकस गेला, ओरडणं गेलं. एक माणूस लॅपटॉप घेऊन डिटेक्टरपाशीच उभा राहिला की काम झालं. मला फार आवडलं ते. मी तुला म्हणालोही, आता तुला उन्हात उभं राहायला नको. तू म्हणालास, "बरं झालं. पण दाजी, आता तुमाला हाक कोण देणार?" मी ते चेष्टेवारी नेलं.

सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती. एका डिटेक्टरचं पान नीट भरायचं आणि तेच सगळ्यांना एकदम पाठवायचं. मी पहिलं पान भरलं. नावं भरली, भोंग्याचे आकडे भरले, तारीख भरली. त्याच पानावर कोपऱ्यात गॅसचा एक चौकोन होता. कंपनीनं पाठवताना त्यात मिथेन ठेवलेलं होतं. ते बदलून हेक्झेन निवडायचं राहिलं. मी बटण दाबलं आणि एका झटक्यात सगळ्या कारखान्यातले डिटेक्टर चुकीचे झाले. मग मी सिलिंडर लावून तपासलं तर आकडा सिलिंडरवरच्या चिठ्ठीशी तंतोतंत जुळला. जुळणारच. मिथेन सोडत होतो आणि मिथेनच वाचत होतो. इतका सुरेख आकडा जुन्या पॅनलवर कधी आला नव्हता. मला शंका यायला हवी होती. मला अभिमान वाटला.

त्यानंतरच्या हंगामातली ती सकाळ. सोयाबीनच्या गाड्या फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत लागलेल्या. कारखाना पूर्ण जोरात, आणि प्लँटच्या मागं पाण्याच्या लाईनला वेल्डिंग करायचं होतं. कारखान्याचा नियम असा की हवा पेट घेईल त्या पातळीला शंभर धरलं, तर आसपासचा आकडा दहाच्या आत असेल तरच वेल्डिंगला परवाना. आकडा आठ होता. परवान्यावर सही माझी. वेल्डरनं यंत्र लावलं, होल्डर हातात घेतला आणि तू धावत आलास. मी तिथंच होतो.

"थांबव रे. दाजी, वास येऊलालाय."

"इथं नेहमीच वास असतो मन्मथ."

"नेहमीचा न्हाई हा. खालून येऊलालाय. लई हाय."

"आठ आहे. बघ पडद्यावर."

"आठ न्हाई दाजी. आठाचा वास मला ठाऊक हाय."

आणि तू वेल्डिंग यंत्राचा मेन खाली ओढलास, आत जाऊन वाफ तोडलीस आणि सगळा प्लँट थांबवलास. आतला माल आतच अडकला. गाड्या दोन दिवस रस्त्यावर. मालक पुण्याहून आले. मॅनेजर बिरादार साहेब वाईट माणूस नव्हते, पण मालकांना उत्तर त्यांना द्यायचं होतं. ते म्हणाले, दोघांतलं एक खरं असेल, मशीन नाहीतर माणूस. सगळ्यांसमोर तपासून टाकू.

मी लॅपटॉप उघडला. दुसऱ्या एकानं सिलिंडर धरलं. तू बाजूला उभा होतास, हात मागं बांधून, मुलाखतीला आल्यासारखा. प्लँट बंद होऊन दोन दिवस झाले होते, वारं खेळून गेलं होतं, वास उरलेला नव्हता. तो माणूस झडप उघडणार तेवढ्यात तू सवयीनं, अगदी हळू म्हणालास, "मिथेन सोडतो."

ते मला ऐकू आलं, मन्मथ. मी आजवर ऐकू न आल्याचं सोंग केलं. मालक शेजारी उभे, बिरादार साहेब शेजारी उभे, त्यांच्यादेखत ती आपली पोरकट हाक मला लाजिरवाणी वाटली. मी उत्तर दिलं नाही. दिलं असतं, तोंडातून नुसतं हेक्झेन वाचतो एवढं निघालं असतं, तर डोळे आपोआप त्या कोपऱ्यातल्या चौकोनाकडं गेले असते. इतक्या वर्षांची सवय होती. तोंड आणि डोळे एकत्र चालायचे. पण मी तोंड मिटून पडद्यावरचा मोठा आकडा बघत राहिलो. आकडा चिठ्ठीशी जुळला.

"बरोबर आहे साहेब," मी म्हणालो.

तू एकदा माझ्याकडं पाहिलंस. रागानं पाहिलं असतंस तर बरं झालं असतं. तू विश्वासानं पाहिलंस. म्हणालास, "दाजींनी लावलेली मशीन हाय. मग माझंच चुकलं असंल."

तुला वजनकाट्यावर पाठवलं. कारखान्यात तुझं नाव भित्रा इनचार्ज पडलं. कुणी पादलं तरी पोरं म्हणायची, मन्मथरावाला बोलवा, प्लँट बंद करा.

इथपर्यंत जे झालं ती चूक होती. माणसाच्या हातून होते. त्या दिवशी मी जे बोललो ते मला खरं वाटूनच बोललो. पुढचं तसं नाही.

काही आठवडे गेले. बॉयलरकडं एक डिटेक्टर नवीन बसवायचा होता, म्हणून मी लॅपटॉपवर ते पान पुन्हा उघडलं. दुपारची वेळ, खोलीत मी एकटा. नाव भरता भरता नजर कोपऱ्यात गेली. मिथेन.

मी चौकोन उघडला, हेक्झेन निवडलं, सगळ्यांना पाठवलं. पडद्यावर सहाच्या जागी तेरा आलं. त्या सकाळचं आठ मनातल्या मनात मांडलं. ते अठराच्या आसपास होतं, आणि ते डिटेक्टर होता तेवढ्या उंचीवर. खाली पाण्याच्या लाईनच्या खड्ड्यात, जिथं तो वेल्डर उकिडवा बसला होता, तिथं किती असेल ते मला कधीच मोजता येणार नाही. मग मी काहीतरी निमित्त काढून हेक्झेनच्या वाफेच्या नळाचे जोड तपासायला लावले. मागच्या बाजूला एका जोडाचं गॅस्केट फाटलेलं निघालं. बदललं. बिरादार साहेबांना सांगितलं, सेन्सर जरा जास्त बारकाईनं लावलेत, आकडे वाढलेले दिसतील. ते बरं म्हणाले.

कारखाना सुरक्षित झाला. एक तूच तेवढा दुरुस्त करायचा राहिलास.

मी तुझ्याकडं आलो होतो, हे तुला आठवत असेल. त्याच संध्याकाळी वजनकाट्यावर आलो. सांगायलाच आलो होतो. तू मला स्टुलावर बसवलंस, थर्मासमधला चहा ओतलास आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणालास, "दाजी, तुमी मनाला लावून घेऊ नका. मला हितं बरं हाय. गाडी येती, गाडी जाती. वास न्हाई, भोंगा न्हाई. रातच्याला झोप लागूलालीय."

मी चहा प्यालो. मनात म्हणालो, तो सुखी आहे, कशाला ढवळायचं. मनात हेही होतं की थोरला विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला आहे, त्याची दोन वर्षं राहिलीत, आणि ही चूक कळली तर मालक मला एक दिवस ठेवणार नाही. पहिली गोष्ट मी स्वतःला मोठ्यानं सांगितली, दुसरी हळू. तू विचारलंस, "काही काम होतं का?" मी म्हणालो, सहज आलो होतो.

वर्षाच्या आत तू नोकरी सोडलीस आणि उदगीरला शाळेवर लागलास. विज्ञानाचे मास्तर. पोरांचा लाडका झालास, हे मला मातीच्या दिवशी दिसलं. किती मोठाली माणसं उन्हात पायताण काढून उभी होती. तुझं वाटोळं झालं असं मी म्हणणार नाही, ते तुला आवडणारही नाही. पण एक गोष्ट तुटली ती मी जवळून पाहिली. तुझी बहीणसुद्धा बघत होती, फक्त तिला कारण ठाऊक नव्हतं.

तू भांडायचं सोडलंस. मी मुद्दाम काढायचो, काय रे, मायनं दिलेलं नाक काय म्हणतंय? तू नुसता हसायचास. आणि तू विचारायला लागलास. दूध नासलं का, बायकोला, सुनंदाला विचारायचास. भात करपला का, पोरीला विचारायचास. मोंढ्यात वडिलांच्या आडतीवर बसलास तरी पोत्यात तोंड घालायचा नाहीस, म्हणायचास, मशीनवर ओल बघा. पोत्यातल्या तुरीचा मागच्या पावसाचा इतिहास सांगणारा माणूस, आणि तुला घरातला गॅस चालू आहे की बंद ते दुसऱ्याकडून खात्री करून घ्यावं लागायचं. मी मशीनला हेक्झेन ओळखायला पुन्हा शिकवलं. तुला तुझ्यावर भरवसा ठेवायला पुन्हा शिकवायचं एका वाक्याचं काम होतं.

कोरोनात तुझा फोन आला होता. आवाज बसलेला. "दाजी, आता सुटलो. आता खरंच काही वास येत न्हाई. उदबत्ती नाकाला लावली तरी न्हाई." आणि हसलास. पलीकडं सुनंदा रडत होती ते ऐकू येत होतं. मी म्हणालो, येईल परत, सगळ्यांचा येतो. तो आलाही, निम्मा-शिम्मा. त्या दिवशी मला वाटलं होतं की बोलून टाकावं. मग वाटलं, आजारी माणसाला कशाला. तू बरा झाल्यावर वाटलं, बऱ्या माणसाला कशाला.

आता शेवटची भेट. तिच्यात काय झालं ते कुणालाच ठाऊक नाही, सुनंदाला सोडून, आणि तिलाही निम्मंच.

तुझं हृदय थकलं आहे असं दीपानं कळवलं, तेव्हा मी तुझ्या बहिणीला म्हणालो, मी आधी एकटा जाऊन येतो. तिला नवल वाटलं. उदगीरची गाडी धरली. वाटेत वाक्य जुळवत बसलो. म्हातारपणी शब्द आठवत नाहीत, म्हणून मोजकेच घेतले आणि पुन्हा पुन्हा घोकले. शेजारच्या माणसाला वाटलं असेल मी जप करतो आहे.

तू खाटेवर उशाला टेकून बसला होतास. पांढऱ्या दाढीत तू थेट तुझ्या वडिलांसारखा दिसत होतास. सुनंदानं पाणी दिलं, शेगडीवर चहा टाकला आणि तेवढ्यात दारात शेजारीण आली म्हणून तिकडं गेली. आपण दोघंच. मी खुर्ची जवळ ओढली. "मन्मथ," मी म्हणालो, "कारखान्यातलं एक सांगायचं होतं."

तू हात वर केलास. मान जरा उचललीस, जुन्यासारखी.

"दाजी, गॅस हाय का बघा हो घरात. वास येऊलालाय मला." आणि लगेच, ओशाळल्यासारखं, "नसंल म्हणा. मला आपलं उगंच वाटतंय हल्ली."

मी स्वयंपाकघरात गेलो. चहा उतू जाऊन शेगडी विझली होती. बटण तसंच चालू. वास मला ओट्याशी वाकल्यावर आला, तुला बाहेरच्या खोलीत आला होता, निम्म्या-शिम्म्या नाकाला. मी बटण बंद केलं, खिडकी उघडली. मागं वळलो तर सुनंदा दारात उभी, तोंड पांढरं पडलेलं. तिनं हात जोडल्यासारखं करून मान हलवली. सांगू नका त्यांना, घाबरतील. तिचं चुकलं नाही. आजाऱ्याच्या घरात बाई दुसरं काय म्हणेल.

मी बाहेर आलो. तू माझ्याकडं बघत होतास. त्या तपासणीच्या दिवशी पाहिलं होतंस तसंच.

"होता का?"

आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "नाही रे. काही नव्हतं."

"मला वाटलंच," तू म्हणालास आणि डोळे मिटून घेतलेस.

ज्या माणसाला एकदा खोटं पाडल्याचं सांगायला आलो होतो, त्याला मी दारातून आत येऊन पुन्हा खोटं पाडलं होतं. चहा प्यालो. तू म्हणालास, कारखान्यातलं काय सांगणार होता? मी म्हणालो, बिरादार साहेब भेटले होते, तुझी चौकशी करत होते. ते भेटले नव्हते. तू म्हणालास, "चांगला माणूस होता." मग तुला डुलकी लागली. मी थोडा वेळ तुझ्या पायाशी बसलो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत निघालो. पंधरवड्यात तू गेलास.

मातीच्या वेळी सगळ्यांनी विभूती लावली तशी मीही लावली. तुझ्या नाकाच्या शेंड्याला थोडी लागली ती पुसावी की नाही ते मला कळेना. तशीच राहू दिली.

थकलो आहे मी, मन्मथ. ह्या गोष्टीला धरून ठेवण्याचंच ओझं झालं आहे. नंतर कळलं की त्या वेल्डरची आता नातवंडं आहेत, औश्याकडं कुठं असतो. त्याला तुझं नावही आठवत नसेल. त्याला मी शोधून सांगणार आहे. सुनंदाला आणि दीपाला हे लिहिलेलं आधी वाचायला देणार आहे. तुझ्या बहिणीला काल रात्री जेवताना सांगितलं. ती काही बोलली नाही. सकाळी चहा दिला, पण समोर बसली नाही. बिडीच्या वेळी तीन दिवस होते. ह्या वेळी किती, ते मी विचारणार नाही.

राहता राहिलं ते उदगीरच्या गाडीत घोकलेलं वाक्य. ते तुझ्या खाटेपर्यंत नेलं आणि तसंच परत आणलं. त्यात आता त्या शेवटच्या दुपारचीही भर पडली आहे. बाकी शब्द तेच आहेत.

मन्मथ, वास होता. त्या दिवशी कारखान्यात होता आणि परवा तुझ्या घरातही होता. तुझं नाक दोन्ही वेळा खरं होतं, आणि दोन्ही वेळा तुला नाही म्हणणारा मीच होतो. मला माफ कर.